दिएगो सांतियागोचा कोणी लागत नाही

प्रश्न असा आहे : मॅराडोनाचं नाव ‘दिएगो’ लिहावं की ‘डिएगो’? आणि दिएगो म्हणजे सांतियागोचंच छोटं रूप ना?

दिएगो. स्पॅनिश ‘द’ दंत्य आहे, आपल्या ‘दिवा’तला. ‘ड’ इंग्रजीच्या वाटेने आला, तो सोडून द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : साफ चूक! बाळांच्या नावांच्या याद्यांपासून मॅराडोनावरच्या मृत्युलेखांपर्यंत ही वंशावळ वाचून मी वैतागलो आहे. म्हणे, संत याकोबाचा ‘सांत यागो’ झाला, तो ‘सान तियागो’ असा तुटला आणि तियागोचा दिएगो झाला. तियागोपर्यंत सगळं खरं. शब्द भलतीकडे तुटतात. आपल्या नारिंगाचा ‘न’ इंग्रजीत पोचेपर्यंत असाच गळाला. पण स्पॅनिशमध्ये शब्दारंभीच्या ‘त’चा ‘द’ कुठे होतो? तिएर्रा (जमीन), तिएम्पो (काळ) यांनी लॅटिनपासूनचा ‘त’ सोडलेला नाही. शिवाय पोर्तुगीजमध्ये तियागो आणि दियोगो ही दोन वेगळी नावं शेजारीशेजारी नांदतात, त्याचं काय?

जुने कागद उघडा. इ. स. ८८४मध्ये बुर्गोस शहर वसवणारा स्पेनमधल्या कास्तीया प्रांताचा सरदार दिएगो लॅटिनमध्ये ‘दिदाकुस’ आहे. स्वरांमधला ‘द’ गळतो, ‘क’चा ‘ग’ होतो, जसा आमिकुसचा आमिगो. दिदाकुस, दियाको, दियागो, दिएगो. एकही पायरी ओढूनताणून आणलेली नाही!

दिदाकुस कुठून आला? ग्रीक ‘दिदाखे’ म्हणजे शिकवण, म्हणून दिदाकुस म्हणजे शिकवलेला, असं सांगून कोशकार मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. माझं मत असं की नाव रोमनांच्याही आधीचं, तिथल्या मातीतलं आहे. लिहित्या भिक्षूंनी त्याला ग्रीक अंगरखा चढवला, जसा आपल्याकडे पंडित गावाच्या नावाला संस्कृत चढवतात.

आणि आडनाव पाहा, खरी गंमत तिथे आहे. स्पेनचा महावीर एल सिद, म्हणजे रोद्रीगो दियास. दियास म्हणजे दिएगोचा मुलगा. लॅटिनमध्ये ‘रोदेरिकुस दिदाकी’. याकोबाचा इथे मागमूस नाही. सिदचा मुलगाही दिएगो, १०९७मध्ये कोन्सुएग्राच्या लढाईत पडला. सिदच्या महाकाव्यात मात्र हे नाव त्याच्या नालायक जावयाला आहे : सिंह सुटल्यावर द्राक्षं पिळायच्या घाण्याच्या तुळईमागे लपणारा आणि पुढे बायकोला रानात मारझोड करून तिथेच सोडून जाणारा कार्रियोनचा दिएगो.

गोव्यातलं, वसईतलं ‘डायस’ हे आडनाव याच दियासचं पोर्तुगीज भावंड. १६१६मध्ये गोव्यातच वारलेला पोर्तुगीज बखरकार दियोगो दो कोउतो याच नावाचा.

तरीही शंका असेल तर अमेरिकेतलं सान दिएगो घ्या. स्पॅनिश दर्यावर्दी विस्काइनोने १६०२मध्ये त्या बंदराला स्पेनमधल्या आल्कालाच्या, फ्रान्सिस्कन पंथातल्या एका संताचं नाव दिलं. चर्चच्या लॅटिनमध्ये हा संत ‘दिदाकुस’ आणि सांतियागो ‘याकोबुस’. संत दोन, नावंही दोन.