अबू धाबीचे बिशप: नेमणूक आणि निवृत्ती

प्रश्न: मुलगी अबू धाबीत असते. तिथले बिशप पॉल हिंडर पंच्याहत्तरीनंतरही पदावर कसे राहिले?

उत्तर: वय झालं की पद आपोआप जात नाही. ७५ पूर्ण झाल्यावर बिशप पोपकडे राजीनामा देतात, आणि पोप तो स्वीकारेपर्यंत काम चालू राहतं. हिंडर यांचा जन्म १९४२चा, पण पदातून सुटका २०२२मध्ये झाली. हे स्वित्झर्लंडचे कपुचिन (कॅथलिक चर्चमधला एक संन्यासी संघ) संन्यासी २००३मध्ये अरबस्तानाचे साहाय्यक बिशप नेमले गेले आणि २००५पासून प्रमुख होते. २०११च्या फेररचनेनंतर अमिराती, ओमान आणि येमेन त्यांच्याकडे राहिले.

लोक गफलत करतात ती इथे: अबू धाबीचा हा प्रदेश पूर्ण धर्मप्रांत (बिशपच्या स्वतःच्या अधिकाराखालचा प्रदेश) नव्हे, ‘व्हिकारिएट’ आहे. बिशप तिथला कारभार पोपच्या नावाने पाहतात. स्वतःचा धर्मप्रांत नसल्याने कागदोपत्री त्यांना एखाद्या लयाला गेलेल्या धर्मप्रांताचं नाव मिळतं. विचित्र वाटेल, पण पद्धत जुनी आहे.

मुलीला आणखी एक विचारा. २०२१पर्यंत तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे, म्हणून रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) शुक्रवारीही व्हायची. आताचे बिशप पावलो मार्तिनेल्ली इटलीचे, तेही कपुचिनच.