गुण नकोत, रँक सांगा

वैद्यकीय प्रवेश 2025 : वाचकांची पत्रं आणि जीवशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेची उत्तरं

मुलीला यंदा नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत 498 गुण पडले. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या मुलाला 610 असूनही सरकारी कॉलेज मिळालं नाही, खासगीत जावं लागलं. मग आमचं तर काहीच खरं नाही ना? आत्ताच रिपीटच्या बॅचला पैसे भरू का? क्लासवाले घाई करताहेत. (एक आई, धायरी)

ताई, तुमचं पत्र दोन पानी आहे. त्यात क्लासची फी आहे, सोसायटीतल्या मुलाचे गुण आहेत, जाऊबाईंचं मतसुद्धा आहे. फक्त मुलीची रँक नाही आणि प्रवर्ग नाही. नेमकं तेवढंच हवं होतं.

आधी ते 610 डोक्यातून काढून टाका. 2024 ची परीक्षा आणि 2025 ची परीक्षा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरसुद्धा 17 मुलं 720 पैकी 720 वर होती. 600 गुणांच्या मुलाची रँक ऐंशी हजारांच्या आसपास जायची. यंदा फिजिक्सच्या पेपरनं भल्याभल्यांना घाम फोडला, देशात पहिल्या आलेल्या मुलालाच 686 आहेत आणि 600 च्या पुढे अख्ख्या देशात जेमतेम तेराशे मुलं आहेत. त्यामुळे ‘इतक्या गुणांना अमुक कॉलेज’ असे जे तक्ते मोबाइलवर फिरताहेत, त्यांत गेल्या वर्षीचे गुण असतील तर खुशाल पुसून टाका.

रँकचं तसं नसतं. जागा थोड्याफार वाढतात, पण पेपर सोपा निघाला म्हणून दुप्पट होत नाहीत. गेल्या वर्षी ज्या रँकला कॉलेज मिळालं, त्याच्या आसपासच यंदाही मिळणार.

आता हे घरी बसून बघायचं कसं, ते सांगते. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या निवड याद्या असतात. त्यांतली शेवटच्या फेरीची यादी उतरवून घ्या. पहिल्या फेरीची घेतलीत तर उगाच धसका बसेल, कारण वरची मुलं एम्समध्ये किंवा ऑल इंडिया कोट्यात, म्हणजे केंद्राकडून भरल्या जाणाऱ्या 15 टक्के जागांवर, जातात तसतशी यादी खाली सरकत जाते. यादीत डावीकडे ऑल इंडिया रँक, मग नाव, प्रवर्ग, कोटा आणि शेवटी कॉलेज. मुलीच्या यंदाच्या रँकच्या जवळची रँक शोधा आणि वरखाली शंभर-दीडशे ओळी वाचा. ज्यांना काही मिळालं नाही त्यांच्यापुढे ‘चॉइस नॉट अव्हेलेबल’ असं लिहिलेलं असतं. अशा ओळी कुठे दाट होतात ते बघा.

यात एक चूक हमखास होते. लोक प्रवर्गाचा रकाना बघून कटऑफ काढतात. बघायचा असतो तो कोट्याचा, म्हणजे जागा कुठल्या वाट्यातून मिळाली त्याचा रकाना. ओबीसी मुलगी स्वतःच्या गुणवत्तेवर खुल्या जागेवर बसलेली असते, तिच्या रँकवरून ओबीसीचा कटऑफ धरलात तर तो खराखुरा असतो त्याहून कडक दिसतो. तुमची मुलगी खुल्या प्रवर्गातली असेल तर कोट्यापुढे ‘ओपन’ लिहिलेल्या सरकारी कॉलेजांच्या ओळींतली सर्वांत खालची रँक कुठली, एवढं एकच काम आहे. चहाचा कप घेऊन बसा, संध्याकाळपर्यंत उत्तर हाती येईल. यासाठी हजारो रुपये घेणारे सल्लागार लक्ष्मी रोडपासून हिंजवडीपर्यंत बसलेत. ते यापेक्षा फार वेगळं काही करत नाहीत.

आणि ‘क्वालिफाय’ झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या नातेवाइकांना सांभाळा. खुल्या प्रवर्गाला यंदा 144 गुणांना पात्रता आहे. 22 लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसली, त्यांतली 12 लाख 36 हजारांच्या वर पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या देशभरातल्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच.

रिपीटचं म्हणाल तर राज्याची तिसरी फेरी लागेपर्यंत त्या बॅचला एक रुपया देऊ नका. क्लासवाल्यांना घाई असते, कारण ऑगस्टमध्ये मुलीला जागा मिळाली तर तुम्ही त्यांच्याकडे फिरकणार नाही.

मी हडपसरची. मला पुणं सोडायचं नाही. मैत्रिणी म्हणतात, बी. जे. (पुण्यातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) पहिलं लिहू नकोस, मिळणार तर नाहीच आणि पहिली पसंती वाया जाईल. आणि गडचिरोली-हिंगोली लिहिलं तर तिथेच अडकशील. काय करू?

मैत्रिणींना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं अजिबात ऐकू नकोस.

संगणक रँकप्रमाणे एकेका मुलाला उचलतो आणि त्याची पसंतीची यादी वरून खाली वाचत जातो. बी. जे. भरलेलं असेल तर पुढचं नाव, तेही भरलं असेल तर त्याच्या पुढचं. वरचं नाव हुकलं म्हणून खालच्या नावावर तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिही. फक्त लक्षात ठेव, पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. खालचं मिळालं तर प्रवेश घेऊन पुढच्या फेरीत वर सरकायला वाव असतो. त्या दिवशी कॉलेजात ‘स्टेटस रिटेन्शन’चा फॉर्म पुढे करतील. त्यावर सही केलीस की पुढच्या फेऱ्या तुझ्यासाठी बंद. न वाचता सही करू नकोस.

पुणं सोडायचं नाही, हे मात्र मला पटलं नाही. पुण्यात बी. जे. आहे, महापालिकेचं अटलबिहारी वाजपेयी महाविद्यालय आहे, नऱ्ह्याला काशीबाई नवले आहे, आणि मग वर्षाला लाखोंची फी असलेली अभिमत विद्यापीठं. ती तर राज्याच्या यादीत येतच नाहीत, त्यांचे प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीकडून होतात. बाबांना पेलणार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर 2024 मध्ये सुरू झालेली हिंगोली, गडचिरोली, वाशीम, बुलढाणा ही सरकारी कॉलेजं डोळे झाकून लिही. नवी आहेत, वसतिगृहाची रडगाणी ऐकू येतील. तरी डिग्री तीच आणि फी सरकारी. बाँडही सगळ्या सरकारी कॉलेजांना सारखाच, एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर 10 लाख भरायचे.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सदाशिव पेठेतले. नातवाला बी. जे.त स्थानिक म्हणून काही प्राधान्य? (एक आजोबा)

नमस्कार. आपल्या मनात आहे ते 70:30 चं सूत्र. आपल्या विभागातल्या मुलांना 70 टक्के जागा असायच्या. सरकारनं ते 2020 मध्ये रद्द केलं. आता लातूरचा मुलगा आणि सदाशिव पेठेतला मुलगा एकाच यादीत. बी. जे.च्या 250 जागांपैकी 15 टक्के तर देशभरातल्या मुलांसाठी केंद्राकडे जातात. नातवाची दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं आणि डोमिसाइल हातात असणं, एवढं स्थानिकपण मात्र लागतं.

‘मॅनेजमेंटची सीट करून देतो, आत्ता पाच लाख टोकन द्या’ असा फोन आला. खरं असेल का?

नाही. खासगी, अभिमत, अगदी एनआरआय कोट्याची जागासुद्धा नीटच्या गुणवत्तेवर आणि अधिकृत प्रवेश फेऱ्यांतूनच भरायची असते. मधल्या माणसाच्या हातात काही नाही. नंबर जपून ठेवा आणि पोलिसात द्या.

ओबीसीचं नॉन-क्रीमीलेअर गेल्या वर्षीचं आहे. चालेल?

त्यावरची मुदत वाचा. 2025 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत वैध असलेलंच लागतं. नसेल तर उद्याच सेतू केंद्रात अर्ज टाका. जातवैधता तर अजून वेळ खाते. कागदासाठी दर वर्षी एखादं गुणी मूल खुल्या यादीत ढकललं जातं आणि आईबाप कॉलेजच्या कारकुनाशी भांडत बसतात. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

एएफएमसीसाठी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) वेगळा फॉर्म भरायचा का? मुलगी आहे, जागा किती? (वानवडी)

नोंदणी एमसीसीच्याच संकेतस्थळावर करायची आणि तिथे एएफएमसीचा पर्याय निवडायचा. मग बोलावणं आलं तर इंग्रजी-तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. मुलींना 30 जागा. घराशेजारी आहे म्हणून जाऊ नका, पुढे सैन्यात वर्षानुवर्षं नोकरी करायची आहे, हे मुलीला आधी विचारा.