लाइम रंग मागताना नावावर थांबू नका, आकडे मागा

ग्राहक ‘लाइम’ म्हणाला की लगेच रंग भरू नका. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, लाइम म्हणजे लाल ०, हिरवा २५५, निळा ० (प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये). म्हणजे पडद्यावरचा निव्वळ, भडक हिरवा. तिथलाच ‘ग्रीन’ मात्र ०, १२८, ०, बराच गडद. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असते ती हिरवट लिंबाची साल. तिच्यासाठी १९१, २५५, ० पासून सुरुवात करा. फार झगमगला तर यलोग्रीन, म्हणजे १५४, २०५, ५० दाखवा. आपल्याकडे कापड दुकानात ‘लिंबू रंग’ म्हटलं की बहुतेकदा फिकट पिवळा निघतो आणि या छटेला पोपटी म्हणतात, त्यामुळे दोन-तीन नमुने शेजारी ठेवूनच होकार घ्या.

सगळ्यात जास्त घोळ अक्षरांत होतो. सीएसएसच्या लाइमवर पांढरी अक्षरं वाचताच येत नाहीत: कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम १.४ येतो, साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. काळ्या अक्षरांना तो १५ च्या वर मिळतो. कारण उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, पिवळसर हिरव्याला, सर्वाधिक संवेदनशील असतो. हा रंग आपल्याला जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ भासतो.

छपाईत हा झगझगीतपणा नेहमीच्या चार शाईंतून (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) येतच नाही, मळकट होतो. तो हवाच असेल तर छापखान्याकडे वेगळी स्पॉट शाई, म्हणजे त्याच रंगाची आधीच तयार केलेली शाई, मागा.