क्रॉस दाबला, विंडो गेली, पण टास्क मॅनेजरात पायथन चालूच. ओएस अंडरस्कोर एक्झिट वापरू का?

तुम्ही म्हणताय टीकिंटरचा (पायथनमध्ये विंडो बनवायची लायब्ररी) प्रोग्राम क्रॉसने बंद केला तरी मागे प्रोसेस राहते, सिस एक्झिट टाकून फरक पडला नाही, म्हणून आता ओएस अंडरस्कोर एक्झिटने मारायचा विचार आहे. थांबा जरा, ते शेवटचं हत्यार. त्याने प्रोसेस मरते खरी, पण बफरमधलं (फाईलमध्ये लिहायचं राहिलेलं) फाईलमध्ये न जाता तसंच उडून जाऊ शकतं, फायनली ब्लॉकसुद्धा (शेवटी आवराआवर करणारा कोड) चालत नाही.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. आमचे मामा वाळपईला काजू बी विकत घेतात, सीझनला रांग लागते, म्हणून त्यांना वजनकाट्याला जोडलेला छोटा प्रोग्राम करून दिला, काटा कॉम ३ पोर्टवर आणि एक थ्रेड (प्रोग्राममध्येच बाजूला चालणारं वेगळं काम) सतत वजन वाचत बसलेला. पहिल्याच दिवशी दुपारी फोन, "अरे बाब, हें परत उगडना मरे!" मी पणजीत, ते वाळपईत, बाहेर पोती घेऊन माणसं उभी. झालं होतं असं की जेवायला जाताना मामांनी विंडो बंद केली, पण थ्रेड जिवंत होता आणि त्याने पोर्ट धरून ठेवला होता, त्यामुळे दुसऱ्यांदा उघडताना पोर्टवर ॲक्सेस डिनाइड. त्यात मी पायथनडब्ल्यूने चालवायला दिलेला, म्हणजे काळी विंडो नाही, एरर कुणाला दिसणार.

तुमच्याकडेही बहुतेक असाच थ्रेड असणार. डेमन (प्रोग्राम संपला की आपोआप तुटणारा) नसलेला एक जरी थ्रेड चालू असला तरी मेन थ्रेड संपल्यावर पायथन त्याची वाट बघत बसतो, म्हणूनच सिस एक्झिटचा उपयोग झाला नाही. आणि ते थ्रेडच्या आतून बोलावलं असेल तर फक्त तोच थ्रेड संपतो.

आता मी काय करतो. रूटच्या (मुख्य विंडोच्या) प्रोटोकॉल मेथडला डब्ल्यूएम डिलीट विंडो (सगळं कॅपिटल, मधे अंडरस्कोर, कोट्समध्ये) आणि आपलं बंद करायचं फंक्शन द्यायचं. फंक्शनचं फक्त नाव, पुढे कंस नको, नाहीतर ते तिथल्या तिथे चालतं आणि प्रोग्राम उघडायच्या आधीच बंद, हेही मी करून झालोय. एकदा हे लावलं की क्रॉस दाबल्यावर विंडो आपोआप जात नाही, डिस्ट्रॉय तुम्हीच बोलवायचं. क्विट नव्हे हं, क्विट फक्त मेनलूप (विंडो चालती ठेवणारा लूप) थांबवतो, विंडो तशीच राहू शकते.

थ्रेडसाठी थ्रेडिंगमधला इव्हेंट (थांबायची खूण देणारा झेंडा) घ्या, लूप "इव्हेंट सेट नाही तोवर" असा चालवा आणि आत स्लीपऐवजी इव्हेंटचाच वेट वापरा, म्हणजे ५ सेकंदांची झोप असली तरी सेट केल्याक्षणी जागा होतो. माझ्या केसमध्ये एवढ्याने भागलं नाही, कारण थ्रेड रीडलाइनवर (पोर्टवरून ओळ येईपर्यंत थांबणारं फंक्शन) अडकलेला, काट्यावर काही नसेल तर डेटा येणारच नाही. पायसीरियलला (पोर्ट वाचणारी लायब्ररी) टाइमआउट १ सेकंद दिला तेव्हा सुटला. लूपबाहेर पडल्यावर फायनलीत पोर्ट क्लोज.

बंद करायच्या फंक्शनमध्ये जॉइन करून (थ्रेड संपेपर्यंत थांबून) बसू नका. थ्रेड विजेटला (विंडोतल्या बटण, लेबलला) हात लावत असेल (लावू नये, क्यूमधून पाठवावं) तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात. इव्हेंट सेट करा, आफ्टरने (ठराविक वेळाने फंक्शन चालवणारी मेथड) लावून ठेवलेली कामं आफ्टर-कॅन्सलने रद्द करा, मग दर १०० मिलिसेकंदांनी थ्रेड जिवंत आहे का ते आफ्टरनेच बघा, मेला की डिस्ट्रॉय. एसक्यूलाइट डेटाबेस असेल तर क्लोजच्या आधी कमिट (बदल पक्के करणं), क्लोज स्वतःहून कमिट करत नाही.

डेमन ट्रू करून सुटका होते असं सांगणारे भेटतील. नुसतं घड्याळ दाखवणारा थ्रेड असेल तर चालेल, पण फाईल किंवा पोर्ट धरणाऱ्याला नको, तो मधेच तुटतो.

टीकिंटरऐवजी पायक्यूटी असेल तर हेच सगळं क्लोजइव्हेंटमध्ये, विंडो उघडी ठेवायची असेल तर इग्नोर, बंद करायची असेल तर ॲक्सेप्ट.

आणि हे सगळं करताना पायथनडब्ल्यू नको, साध्या पायथनने टर्मिनलमधून चालवा. विंडो बंद केल्यावर प्रॉम्प्ट परत आला नाही तर कुठलातरी थ्रेड अजून आत बसलाय, कोडमध्ये मेनलूपच्या ओळीनंतर थ्रेडिंगचं एन्युमरेट (चालू थ्रेडची यादी) प्रिंट केलं की त्याचं नाव दिसेल.