जखम नाही, मग गुठळी कशी?

प्रश्न : गणपतीसाठी वहिनी मुंबईहून गुहागरला बसने आल्या. रस्त्यातच १४ तास गेले. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजून ठणकू लागली आणि सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. औषध सुरू आहे. पण कुठे खरचटलंही नसताना रक्त आतल्या आत गोठलं कसं? शेजारच्या काकू म्हणतात, कोमट खोबरेलाने चोळा. चोळावं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अजिबात चोळू नका. गुठळीचा तुकडा सुटला, तर तो हृदयाच्या उजव्या बाजूतून जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

आता कारण. गोठण्याची सगळी सामग्री रक्तात कायम हजर असते. प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनतं, ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे विणतं आणि त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात. (आपल्याकडच्या फुरशाचं विष हेच प्रोथ्रॉम्बिन चेतवतं, पण इतकं, की फायब्रिनोजेन संपून रक्त गोठेनासंच होतं. म्हणून दंशानंतर काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून बघतात.) एरवी शिरेचं निरोगी अस्तर आणि वाहता प्रवाह या सामग्रीला आवरून धरतात.

बसमध्ये पाय दुमडून बसलं की प्रवाह मंदावतो. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात. तेच काम थांबतं. शिरांतल्या झडपांच्या खोबणीत रक्त घोटाळतं, तिथला प्राणवायू घटतो, अस्तर बिथरतं आणि गुठळी धरते. जखम लागतच नाही.

पण नुसत्या बसण्याने फार थोड्यांना गुठळी होते, सोबत आणखी काहीतरी असतं. म्हणून एक विचारायलाच हवं : सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का? त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा. त्याचा थोडा भाग शरीरात इथिनाइल इस्ट्रॅडिओल होतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक, आणि त्याने रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो. घेतल्या असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी कोणी औषधात मोजत नाही, तिथेच घोटाळा होतो.

‘रक्त पातळ करायची गोळी’ हे नाव फसवं आहे. ती रक्त पातळ करत नाही, गुठळीही वितळवत नाही. फक्त वाढू देत नाही. वितळवतं ते शरीरातलं प्लाझ्मिन, सावकाश. म्हणून सूज उतरली तरी निदान ३ महिने औषध चालतं. वॉरफरिन दिलं असेल, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ ते ३ मध्ये राहायला हवा. टाकळा, अळू, माठ यांतलं के जीवनसत्त्व त्याच्या विरुद्ध जातं. भाज्या सोडू नका, पण चार दिवस टोपलीभर आणि मग आठवडाभर नाही, असंही नको. रिव्हरॉक्साबॅन, एपिक्साबॅनला ही अडचण नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मात्र कुठल्याच औषधासोबत मनाने घेऊ नका, रक्तस्राव होतो.

परतीचा प्रवास डॉक्टरांना विचारूनच. बस थांबेल तिथे उतरून चालायचं, आणि बसल्या जागी दर अर्ध्या तासाने घोट्यापासून पावलं २०–३० वेळा वर-खाली करायची.