कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा ठिपका

प्रश्न : आकाशाच्या फोटोंत उजवीकडे वरच्या कोपऱ्यात करडा ठिपका येतो. लेन्स दोनदा पुसली, बदलूनही पाहिली, ठिपका तिथेच. कान कोरायच्या कापसाच्या काडीने आणि स्पिरिटने सेन्सर (लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप) पुसला तर चालेल का?

उत्तर : काडी बाजूला ठेवा. तिचा कापूस तंतू सोडतो आणि औषधी स्पिरिट वाळताना मागे पुसट थर ठेवतं.

लेन्स बदलूनही ठिपका हलत नाही, म्हणजे धूळ सेन्सरवरच आहे. नेमकं सांगायचं तर सेन्सरपुढच्या फिल्टरच्या काचेवर. एफ/२.८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, तिची सावली विरून जाते, एफ/१६च्या पुढे छिद्र बारीक झालं की गडद होते. म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १००, एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनचा फोटो काढा. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे लेन्स काढून समोरून पाहताना फोटोत उजवीकडे वर असलेला ठिपका उजवीकडेच, पण खाली शोधा.

पंखा बंद करा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मेन्यूतला आरसा वर करून ठेवणारा क्लीनिंग मोडच वापरा. बल्ब मोडवर (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) भरवसा नको, बोट सुटलं की शटरचा पडदा स्वॅबवर, म्हणजे सफाईच्या चपट्या काडीवर, मिटतो. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) कॅमेरा बंद करताना शटर मिटण्याची सोय असेल, तर ती आधी बंद करा. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने सात-आठ वेळा हवा मारा, नळीचं टोक आत न घालता. हवेचा स्प्रे-डबा नको, त्यातला द्रव काचेवर उडतो. तोंडाने फुंकू तर नकाच, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट. पुन्हा चाचणी फोटो काढा. बहुतेकदा काम इथेच संपतं.

ठिपका तरीही राहिला, तरच ओली सफाई. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमी, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) १६ मिमी रुंदीचा बंद पाकिटातला स्वॅब घ्या. स्वॅबच्या कडेवर सेन्सर क्लीनिंग द्रवाचे दोन थेंब टाका आणि ते मुरेपर्यंत थांबा. मग स्वॅब किंचित तिरका धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढा, उलटून कोरड्या बाजूने परत आणा, आणि टाकून द्या. वापरलेल्या स्वॅबवर कण चिकटलेला असतो, दुसऱ्या फेरीत तोच ओरखडा काढतो. सेन्सर हलवून स्थिरता देणारा कॅमेरा असेल तर हात आणखी हलका ठेवा.

प्रश्न : ठिपका गेला, पण कडेला पांढुरकी रेघ उरली.

उत्तर : द्रव जास्त झाला. पाच मिनिटं सुकू द्या, मग नवा स्वॅब, एकच थेंब. उलट, ठिपके गोल, रेखीव आणि फिकट कडेचे असतील तर ते शटरच्या यंत्रणेतून उडालेलं वंगण असू शकतं. ब्लोअरने ते हलत नाही, ओला स्वॅबच लागतो. तीन स्वॅब संपूनही डाग तसाच असेल, तर थांबा आणि कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्या.