सहा दाढांची चांदी एकदम बदलावी का?

प्रश्न : माझ्या दाढांमध्ये सहा ठिकाणी जुनी चांदी भरलेली आहे. दुखत काहीच नाही, फक्त एका दाढेतल्या चांदीचा कोपरा तुटलाय. सहाही काढून दाताच्या रंगाचं कंपोझिट दोन बैठकांत भरून घेतलं तर दवाखाना चांगली सूट देतोय. त्यासाठी आपत्कालीन निधी मोडू का?

उत्तर : निधी मोडू नका आणि सहाही बदलू नका. तुटलेल्या दाढेचं काम मात्र लांबवू नका.

चांदी कोरलेल्या खाचेत अडकून बसते, कंपोझिटला दाताला चिकटावं लागतं. तुमचे पैसे मुख्यतः या चिकटण्यासाठी जातात, म्हणून ते कुठे पक्कं होतं आणि कुठे कच्चं राहतं ते आधी बघा. एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, ३५ ते ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद लावलं की तो खरखरीत होतो, त्यात रेझिन (कंपोझिटला दाताशी जोडणारा चिकट द्रव) शिरतं आणि ही पकड वर्षानुवर्षं टिकते. त्याच्या आतल्या थराचं, डेंटिनचं, तसं नाही. त्यात पाणी आणि कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. अ‍ॅसिड १५ सेकंदांच्या पुढे राहिलं तर तंतू इतके खोल उघडे पडतात की रेझिन तळापर्यंत पोचत नाही. धुतल्यावर हवेने फार सुकवलं तर तंतू एकमेकांवर बसतात आणि रेझिनला वाटच उरत नाही. असे उघडे राहिलेले तंतू पुढे पाण्याने आणि दातातल्याच एन्झाइम्सनी कुजत जातात. पहिल्या दिवशी फिलिंग सुरेख दिसतं. कडेची फट आणि खालची कीड खूप उशिरा कळते.

आता हिशोब. मागच्या दाढांतली कंपोझिट फिलिंग्ज साधारण वर्षाला १ ते ३ टक्के या दराने निकामी होतात. २ टक्के धरले तर सहापैकी एक १० वर्षांत पुन्हा करावं लागेल असं समजून चला. फिलिंग मोठं असेल किंवा कीड वारंवार लागत असेल तर त्याहून जास्त. शिवाय दर वेळी जुनं काढताना थोडा चांगला दातही कोरला जातो. हे मुद्दल परत येत नाही, आणि ते संपत आलं की पुढचा खर्च रूट कॅनाल आणि कॅपचा, म्हणजे फिलिंगच्या कितीतरी पट. पाच धड फिलिंग्ज काढून हे चक्र आजच सुरू करण्यात मला फायदा दिसत नाही. दातातल्या चांदीत पारा मिसळलेला असतो, त्याची धास्ती असेल तर एवढं लक्षात घ्या की चांदी काढतानाच त्याची वाफ तात्पुरती वाढते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही २०२० मध्ये सुस्थितीतली चांदी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये असंच सांगितलं.

तुटलेल्या दाढेवर मात्र हात आखडू नका. आधी विचारा की सगळं न काढता तुटलेल्या भागाचीच दुरुस्ती होईल का. नवं भरायचं ठरलं तर रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावणार का ते विचारा, कारण थुंकी किंवा रक्त लागलेल्या पृष्ठभागावर पकड बसत नाही. खड्ड्याची कड हिरडीखाली जात असेल तर तिथे बहुधा एनॅमल नसतो आणि पकड तिथेच आधी सुटते. अशा वेळी दुसरा पर्याय ऐकून घ्या. कंपोझिट कडक होताना आकसतं, त्यामुळे नेहमीचं कंपोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थराला प्रकाश द्यावा लागतो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि सहा दाढा दोन बैठकांत उरकायच्या तर काटछाट नेमकी त्याच वेळेत होण्याचा धोका असतो. दात पांढरे करून घेतले असतील तर दोन आठवडे थांबा. पेरॉक्साइडचा उरलेला ऑक्सिजन रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही.

उरलेल्या पाच दाढांसाठी एका फिलिंगच्या खर्चाचा बारावा भाग दरमहा वेगळा ठेवा. एका कॅपइतकी रक्कम साठली की थांबा. तपासणी वेळेवर करा आणि दंतवैद्यांनी सांगितलं तर एक्स-रेही काढा. दवाखान्याने बिनव्याजी हप्ते सुचवले तर रोख दिल्यास किती कमी घेणार ते आधी विचारा. तो फरक आणि प्रक्रिया शुल्क मिळून जे होतं तेच तुमचं व्याज.